ट्रिकेट यांच्या मोटारीची टिकटिक

मोटार ज्याची, तिच्यातला आवाजही त्याचाच. आणि तो आवाज कसला हे शोधून काढायचा पहिला मानही त्याचाच. इतकी साधी गोष्ट. पण ही साधी गोष्ट अख्ख्या क्रेव्हन स्ट्रीटमध्ये एकट्या जोसाया ट्रिकेट यांनाच पटत होती. बाकीच्यांच्या मते आवाज सार्वजनिक होता.

दुसऱ्या कुठल्या गावात हा छळ झाला नसता. बर्मिंगहॅममध्ये मोटार खडखडली तर लोक कानांवर हात ठेवतात आणि आपल्या वाटेनं जातात. पण कव्हेंट्रीचा हा भाग म्हणजे घड्याळजींची वस्ती. घराघरात मागच्या बाजूला, माडीवर, लांबच लांब खिडक्यांची कामाची खोली, आणि त्या खोलीत बापाच्या काळापासून टिकटिक ऐकत बसलेली माणसं. हल्ली धंदा बसला होता. अमेरिकेतून आणि स्वित्झर्लंडहून स्वस्त घड्याळं पेट्या भरभरून येत होती, आणि चांगले चांगले कारागीर सायकलींचे सुटे भाग घासत बसले होते. काम गेलं, पण कान तेवढे राहिले. माणसाचे हात रिकामे असले तर तो फार तर खिशात घालतो. रिकामे कान मात्र तो शेजाऱ्याच्या कुंपणाला लावतो.

तर अशा गल्लीत, मागच्या आवारात जिथं पूर्वी कोंबड्या असत तिथं, ट्रिकेट यांनी स्वतःच्या हातांनी एक मोटार बांधली. एकच सिलिंडर, जाडजूड करून घेतलेली सायकलची चाकं, बसायला चॅपेलनं, म्हणजे छोट्या चर्चनं, मोडीत काढलेला बाक. आणि ती चालायची. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं जे काही झालं त्यात ही गोष्ट सगळे सोयीस्करपणे विसरले. फक्त चालताना ती आत कुठंतरी बारीक आवाज करायची. इंजिनाच्या धडधडीच्या वर, नीट वेगळा ऐकू येणारा. टिक् टिक् टिक् टिक्. ट्रिकेट यांनाही तो ऐकू येत होता आणि ते सवडीनं त्याच्याकडे बघणार होते.

सवड मिळाली नाही, कारण मिस्टर बिडलकूम यांचा निरोप आला. बिडलकूम म्हणजे सायकलींचे मोठे कारखानदार. त्यांना आता मोटारी काढायच्या होत्या आणि ट्रिकेट यांचं इंजिन त्यांच्या कानावर गेलं होतं. पुढच्या शनिवारी येतो, गाडीत बसतो, गिबेट हिलचा चढ मला बसवून चढलात तर हेच इंजिन माझ्या कारखान्यात बनेल आणि तुम्ही तिथले मुख्य, असा सरळ हिशेब. आणि नाही चढली तर? तर ऑब्री होता.

ऑब्री पिनफोल्ड हा ट्रिकेट यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. ब्रॉडगेटमध्ये त्याचं दुकान, दुकानात अमेरिकन घड्याळं आणि पोटावर मुलामा दिलेली साखळी. ट्रिकेट यांनी उभ्या हयातीत जी घड्याळं बनवली त्यांच्यापुढं ही घड्याळं म्हणजे बिस्किटांचे डबे. पण घरात आता काम येत नव्हतं, आणि मोटार फसली तर ऑब्रीच्या दुकानात उभं राहून तेच डबे विकायचे असं बायको, मेहुणा आणि परिस्थिती या तिघांनी मिळून ठरवलं होतं. ट्रिकेट यांना कुणी विचारलं नव्हतं.

आवाजाबद्दल पहिला बोलला तोही ऑब्रीच.

“भावजी, इंजिनात घड्याळ विसरलात का?”

“नाही.”

“मग टिकटिक कशाची?”

“इंजिनाची.”

“असं कसं? इंजिनानं धडधडावं. आता हे माझं घड्याळ बघा.” ऑब्रीनं साखळी ओढली. “गिऱ्हाइकं म्हणायची, उशाखाली ठेवलं की झोप लागत नाही. मी माणूस बसवला आणि सगळ्या घड्याळांतला सैलपणा काढून टाकला. लावा कानाला. येतोय आवाज?”

ट्रिकेट यांनी कानाला लावलं नाही. काही गोष्टी माणूस स्वतःच्या घरात करत नाही.

“बिडलकूमसाहेब आवाजाच्या बाबतीत फार कडक आहेत म्हणे,” ऑब्री साखळी गुंडाळत म्हणाला. “काळजी करू नका. आपलं दुकान आहेच. तुमच्या मापाचा ॲप्रन शिवायला टाकलाय मी.”

मापाचा ॲप्रन. म्हणजे माप आधीच घेतलं होतं. कधी घेतलं, कुणी घेतलं, याचा विचार करत ट्रिकेट यांनी त्या दिवशी जेवताना मटण दोनदा नाकारलं आणि तिसऱ्यांदा मुकाट्यानं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून एबेनीझर कॉकबिल आले. कॉकबिल हे गल्लीतले सगळ्यात जुने कारागीर. ट्रिकेट यांना हातात चिमटा धरायला त्यांनीच शिकवलं होतं. त्यामुळे त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती, आणि म्हटलं तरी उपयोग नव्हता, कारण ते ठार बहिरे होते. त्यांनी आपला पितळी कर्णा कानात बसवला, दुसरं टोक इंजिनाला टेकवलं आणि डोळे मिटले.

“सुरू कर,” ते म्हणाले.

“सुरूच आहे,” ट्रिकेट ओरडले.

“अं? हां. लंगडतंय. चाल सरळ नाही. डावी बाजू उचल.”

आता शेकोटीवरच्या फळीवर ठेवलेलं घड्याळ लंगडायला लागलं तर त्याच्या एका बाजूखाली पुठ्ठा सरकवतात आणि ते नीट चालायला लागतं, हे खरं आहे. पण मोटार ही शेकोटीवर ठेवत नाहीत. हे ट्रिकेट यांना ठाऊक होतं, आणि तरीही ते उठले, घरातून नाताळच्या बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन आले आणि डाव्या चाकाखाली सरकवला. गुरूपुढं माणसाची अक्कल अशी गहाण पडते. कॉकबिल कर्णा लावून “आणखी थोडं, आणखी थोडं” म्हणत राहिले, दुसरा डबा आला, आणि इंजिनाच्या थरथरीनं दोन्ही डबे एकदम निसटले. आवार उताराचं होतं. गाडी अगदी सावकाश, कुणालाही धरता येईल अशा बेतानं, कुणीही न धरता मागं गेली, कुंपणातून पार झाली आणि मिस ऑर्म यांच्या काकड्यांच्या काचपेटीत जाऊन बसली. इंजिन बंद पडलं.

“बघ,” कॉकबिल कर्णा काढत समाधानानं म्हणाले. “थांबला आवाज.”

मिस लेटिशिया ऑर्म पियानो शिकवायच्या. काकड्यांबद्दल त्या अजिबात रागावल्या नाहीत, आणि ते जास्त वाईट होतं.

“मिस्टर ट्रिकेट, काकड्या पुन्हा येतात. माझ्या मुलींची लय येत नाही. गेला आठवडाभर त्या सगळ्या तुमच्या टिकटिकीवर वाजवताहेत. तुमचं यंत्र आधी सावकाश चालतं, मग धावतं, मग पुन्हा दमतं. माझ्या शिकवणीला असतं तर मी त्याच्या बोटांवर पट्टी मारली असती.”

“बाई, ते इंजिन आहे.”

“बेताल इंजिन आहे,” असं म्हणून त्या आत गेल्या आणि त्यांनी तक्रार केली.

तक्रारीवरून हवालदार मगफर्ड आला. त्यानं खिशातून ऑब्रीच्या दुकानचं घड्याळ काढून वेळ बघितली, आणि इथंच ट्रिकेट यांचं डोकं फिरलं. कायद्यापुढं मान तुकवायला त्यांची ना नव्हती. पण ती तुकवताना समोर निदान इंग्लिश घड्याळ असावं की नाही? त्यांनी हे मगफर्डला बोलून दाखवलं. मगफर्डनं ते ऐकून घेतलं आणि नगरपालिकेत हजर व्हायला सांगितलं.

नगरपालिकेतल्या कारकुनाच्या टेबलावर चहाचा कप होता आणि कपावर बशी झाकलेली होती, म्हणजे घाई अजिबात नव्हती.

“आवाज कसला?” त्यानं विचारलं.

“तेच शोधतोय.”

“जनावराचा, वाद्याचा की धंद्याचा? तिन्हींना वेगवेगळे नियम आहेत.”

“मोटारीचा.”

“मोटार यात नाही.” कारकुनानं बशी उचलून चहा बघितला आणि पुन्हा झाकला. “धंदा म्हणाल तर राहत्या गल्लीत बंदी. आवाजाचं कारण लिहून दिल्याशिवाय गाडी सुरू करता येणार नाही.”

“सुरू केल्याशिवाय कारण कळणार नाही.”

“ती तुमची अडचण झाली.”

“अहो, पण आजाऱ्याला खोकू न देता खोकला कसला ते सांगणारा डॉक्टर तुम्ही बघितलाय का?”

“डॉक्टरांचं खातं शेजारी,” कारकून म्हणाला.

शेवटी बऱ्याच वादावादीनंतर त्याच्या असं ध्यानात आलं की राहत्या घरी वाद्य वाजवायला संध्याकाळच्या चहापर्यंत मुभा आहे. त्यानं मोठ्या मनानं ट्रिकेट यांच्या मोटारीची वाद्यात गणना केली. चार वर्षं खपून बांधलेल्या पेट्रोलच्या इंजिनाची बासरी-पिपाणीच्या रांगेत बसवणूक झाली. ट्रिकेट यांनी सही केली. गंमत म्हणजे याचा सगळ्यात जास्त अपमान मिस ऑर्म यांना वाटला आणि त्यांनी दोन दिवस खिडकी उघडली नाही.

शनिवारच्या आत आवाज शोधायचा होता. आवाज शोधायची एक नामी रीत ट्रिकेट यांनी ऐकली होती. लाकडी काठीचं एक टोक इंजिनाला टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं. मग आतला आवाज थेट कवटीत उमटतो. त्यांनी हातातली फिरायची काठी घेतली, दातांत धरली आणि इंजिन सुरू केलं. टिकटिक राहिली बाजूला, आत भयंकर कडकडाट चालला होता. काठी पुढं सरकवली, तिथंही कडकडाट. मागं सरकवली, तिथंही. म्हणजे सगळंच खिळखिळं झालं होतं.

त्यांनी पूर्ण इंजिन उतरवलं. सिलिंडर, दट्ट्या, दांड्या, सगळं जेवणाच्या टेबलावर मांडलं, भिंगाखाली तपासलं. कुठं काही नाही. पुन्हा जोडलं, पुन्हा काठी धरली. पुन्हा कडकडाट. ट्रिकेट यांनी पुन्हा उतरवलं. हेप्झी, त्यांची बायको, हे सगळं बटाटे सोलत बघत होती. ती कमी बोलायची, आणि बोलली की त्याच्यावर उत्तर नसायचं.

“अहो, कवळी काढून बघा ना.”

“काय?”

“कवळी. काठी दातात धरलीत की तुमची खालची कवळी वरच्यावर आपटते. इथं स्वयंपाकघरात ऐकू येतंय.”

ट्रिकेट पाठ करून उभे राहिले, कवळी खिशात ठेवली, काठी हिरड्यांत धरली. कडकडाट गेला. उरली ती नुसती टिक् टिक् टिक्. दोन दिवस आपल्याच दातांचा तपास केल्याचा राग माणूस कुणावर काढणार? त्यांनी तो बटाट्यांवर काढला. फार जाड सोलतेस, म्हणाले.

तोवर गल्लीचं दुसरं मत तयार झालं होतं: ट्रिकेट तेल कमी घालतो. यात तथ्य होतं, पण तो दोष नव्हता, संस्कार होता. घड्याळाला तेल द्यायचं ते सुईच्या टोकावर थेंब घेऊन; जास्त झालं की घड्याळ गेलं. ट्रिकेट इंजिनालाही तसंच द्यायचे. सुई बुडवायची, श्वास रोखायचा, थेंब टेकवायचा. ते बघायला पोरंबाळं कुंपणावर बसायची आणि बाप्ये हसायचे. “ट्रिकेट, हत्तीला चमच्यानं पाजतोस होय रे?” असं पलीकडच्या मिस्टर टॉपनं विचारलं तेव्हा हेप्झीला ते लागलं. नवऱ्याला ती स्वतः काहीही बोलायची, पण टॉपनं बोलावं?

म्हणून नवरा आत गेला असताना तिनं तेलाचा अख्खा डबा उचलला आणि इंजिनात जिथं जिथं भोक दिसलं तिथं तिथं ओतला.

वार सोमवार होता. सोमवारी क्रेव्हन स्ट्रीटमध्ये कपडे धुतात. कोण मेलं तरी धुतात. मागच्या आवारांतून गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या चादरी, पांढरे शर्ट, मिस ऑर्म यांचे पांढरे आणि खासगी कपडे. ट्रिकेट बाहेर आले, हँडल फिरवलं आणि इंजिनानं धूर सोडला. निळा, दाट, चिकट. वारा असता तर तो कुठंतरी गेला असता. वारा नव्हता. धूर कुंपणावरून हळूहळू उतरला आणि एकेका चादरीवर बसत गेला, आणि तो निवळला तेव्हा त्या चादरी कुणी पांघरल्या नसत्या, प्रेतावरसुद्धा.

बायका आल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसत्या चादरी आणल्या आणि ट्रिकेट यांच्या दारात ठेवल्या, एकीवर एक. मिस ऑर्म यांनी आपलं गाठोडं कागदात गुंडाळून आणलं होतं.

ट्रिकेट काही बोलायला गेले. “हा अन्याय आहे,” ते म्हणाले. “मी तर थेंबाच्या वर...”

“मी ओतलं,” हेप्झी म्हणाली. “मीच धुईन.”

तिनं संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीच्या चादरी पुन्हा धुतल्या. हात लाल झाले, कंबर वाकली. ट्रिकेट पाणी उपसून देत होते. त्यांना फार वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की त्यांना नेहमी राग येई, म्हणून ते बादलीवर रागावत होते. शेवटची चादर पिळताना हेप्झी म्हणाली, “मी कुणाचंही धुईन. पण शनिवारी ऑब्रीचा तो ॲप्रन या घरात आला ना, तर तो मात्र मी धुणार नाही. लक्षात ठेवा.”

ट्रिकेट यांनी लक्षात ठेवलं. मेहुण्याच्या दुकानाची तिलाही शिसारी होती हे त्यांना तोवर माहीत नव्हतं.

आणि मग, कुणाचीही मदत नसताना, कवळी खिशात आणि काठी हिरड्यांत धरून, जोसाया ट्रिकेट यांनी आवाज शोधून काढला. जळका धूर बाहेर सोडायला सिलिंडरला एक झडप असते, व्हॉल्व्ह म्हणतात तिला. खालून एक दांडी दर फेरीला वर येते आणि तिच्या देठाला धक्का देऊन ती उघडते. त्या दांडीत आणि देठात बारीक फट होती. पातळ कागद जाईल एवढी. दांडी वर यायची, फट ओलांडायची आणि देठावर टकटक करायची. एवढाच काय तो आवाज. रोग नाही, बिघाड नाही, काही नाही.

दुसरा कुणी असता तर त्यानं हात झटकले असते आणि चहा प्यायला असता. पण ट्रिकेट यांना या दोन आठवड्यांत जे ऐकावं लागलं होतं ते दुसऱ्या कुणाला ऐकावं लागलं नव्हतं. हवालदार येऊन गेला होता. वाद्यात गणना झाली होती. शाळेतून येणारी पोरं दारावरून जाताना टिक् टिक् करत जात होती. आता टॉपला आणि ऑब्रीला जाऊन सांगायचं की ती नुसती फट आहे? नाही. आवाज काढूनच टाकायचा. त्यांनी पोलादाची एक इवलीशी टोपी घडवली, घासून घासून अशी मापात आणली की देठावर ती बसवल्यावर फट नाहीशी झाली. केस घालून बघितला, केसही जाईना. अशी कामगिरी कव्हेंट्रीत त्यांच्याशिवाय कुणाला जमली नसती, आणि हे त्यांनी स्वतःला दोनदा सांगितलं.

इंजिन सुरू केलं. नुसती धडधड. टिकटिक नाही.

गल्ली अवाक झाली. टॉपनं टोपी काढली. मिस ऑर्म यांनी खिडकी उघडली आणि मान हलवली. कॉकबिल यांनी कर्णा लावून “काहीच ऐकू येत नाही” असा दाखला दिला, जो ते कशालाही देऊ शकले असते, पण त्या दिवशी तो सगळ्यांना पटला.

हेप्झी तेवढी दारात उभी राहून ओले हात आपल्या ॲप्रनाला पुसत ऐकत होती.

“घरात कुणी गेलं की घड्याळं थांबवून ठेवतात ना,” ती म्हणाली, “तसं वाटतंय.”

“काहीतरी अभद्र बोलू नकोस,” ट्रिकेट म्हणाले.

शनिवारी बिडलकूम आले. आडवा माणूस, हातमोजे, मोजकं बोलणं. ते चॅपेलच्या बाकावर बसले आणि गाडी दोन इंच खाली गेली. मागून ऑब्री आपल्या तट्टाच्या गाडीतून निघाला, शेजारी हेप्झी सँडविचची टोपली घेऊन, आणि ऑब्रीच्या मांडीवर कागदात बांधलेलं एक पुडकं. पुडक्यात काय आहे हे ट्रिकेट यांनी विचारलं नाही.

केनिलवर्थ रस्त्याला लागेपर्यंत गाडी लोण्यासारखी चालली. दोन्ही बाजूंना मोठी झाडं, ऊन बेताचं.

“आवाज नाही,” बिडलकूम म्हणाले.

“नाही,” ट्रिकेट म्हणाले, आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांची छाती भरून आली.

गिबेट हिलचा चढ सुरू झाला. गाडी चढली, चढली, आणि अर्ध्यात तिचा दम कमी झाला. धडधड मऊ पडली. मग नळीतून फाट् फाट् असे दोन बार निघाले आणि इंजिन थांबलं. ट्रिकेट उतरले. ठिणगी बघितली, पेट्रोल बघितलं, दोन्ही ठीक. थोडा वेळ गेला, हँडल मारलं, गाडी सुरू झाली. बिडलकूम यांनी हातमोजे पुन्हा घातले. गाडी थोडी वर गेली, तापली, आणि पुन्हा गेली. तिसऱ्यांदाही तेच. तोवर तट्टाची गाडी येऊन पोचली होती. एक गाय कुंपणावरून बघत होती, आणि त्यातल्या त्यात ट्रिकेट यांना तिची नजर सहन होत होती.

“जमायला हवं होतं,” बिडलकूम म्हणाले आणि बाकावरून उतरले. “इंजिन गोड आहे. पण चढ चढत नाही ते इंजिन मी काय करू? पिनफोल्ड, मला परत सोडाल का तुमच्या गाडीतून?”

“अवश्य साहेब,” ऑब्री तत्परतेनं म्हणाला. “वेळेत पोचवतो.” आणि त्यानं साखळी ओढून घड्याळ काढलं, बघितलं, पुन्हा बघितलं, हलवलं. “साडेआठ? असं कसं? साडेआठला तर आपण निघालोसुद्धा नव्हतो.”

आता याच्यात ट्रिकेट यांनी पडायचं काही कारण नव्हतं. त्यांचं आयुष्य त्या चढावर संपत होतं. पण बंद पडलेलं घड्याळ समोर दिसलं आणि हात आपोआप पुढं गेला. त्यांनी ते ऑब्रीच्या हातातून ओढून घेतलं, मागचं झाकण उघडलं, बंडीच्या खिशातलं भिंग डोळ्याला लावलं, आणि इतक्या दिवसांचा सगळा राग एकदम बाहेर पडला.

“हा कुणी केला हा कसाईपणा? हा सैलपणा काढून टाकला म्हणालास ना तू? अरे, सैलपणा होता म्हणून ते चालत होतं. चाकाच्या टोकाला केसाएवढी जागा ठेवावी लागते. ही पहिल्या दिवशी शिकवायची गोष्ट आहे. जागा नाही ठेवली तर थंड असताना चालेल, पण खिशात पोटाची ऊब लागली की धातू फुगणार, आणि फुगला की जाणार कुठं? अडकणारच. जागाच नाही ठेवलीस तू त्याला. आवाज येतो म्हणून कुणी जागा बुजवतं का? गाढवसुद्धा...”

ते थांबले.

भिंग डोळ्यालाच होतं. त्यांनी सावकाश मान वळवली आणि मोटारीकडे बघितलं. थंड असताना चालते. तापली की मरते. तापलं की झडपेचं देठ लांबतं, आणि लांबलं की जाणार कुठं? टोपी बसवलीय वर. झडप मिटतच नाही, आणि इंजिनाचा सगळा दम तिच्यातून निघून जातोय. हे शिकाऊ पोरांना सांगत त्यांचे केस पिकले होते, आणि तेच त्यांनी स्वतः, कव्हेंट्रीत दुसऱ्या कुणाला जमलं नसतं इतक्या कसबानं, करून ठेवलं होतं. टॉप हसला म्हणून. मेहुणा बोलला म्हणून. त्यांना स्वतःची अशी चीड आली की मेहुणा त्यापुढं बरा वाटला.

“मिस्टर बिडलकूम,” ते म्हणाले, “जरा थांबा.”

त्यांनी घड्याळ ऑब्रीच्या हातात कोंबलं आणि इंजिनाचं झाकण उघडलं. ती पोलादी टोपी काढायची होती, पण देठ लालबुंद तापलेलं. हात लावला तर चामडी सोलून निघेल.

“फडकं दे कुणीतरी.”

ऑब्रीनं खिशातला रेशमी रुमाल मागं लपवला. हेप्झीनं भावाच्या मांडीवरचं पुडकं उचललं, दोरा तोडला, आतला करकरीत पांढरा ॲप्रन झटकून उघडला आणि नवऱ्याकडे दिला. ट्रिकेट यांनी त्याची जाड घडी करून टोपी धरली, पिळली, ओढली. ती निघाली. कापडातून धूर आला आणि काळ्या तेलाचा डाग बंदांपर्यंत पसरला.

हँडल मारलं. इंजिन सुरू झालं, आणि धडधडीच्या वर, नीट वेगळी, टिक् टिक् टिक् टिक्.

बिडलकूम बाकावर चढले. गाडी चढाला लागली. तापली, आणखी तापली, आणि टिकटिकत तशीच वर गेली, वळण ओलांडून, गायीला मागं टाकून, थेट माथ्यावर. तिथं ट्रिकेट यांनी ती थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही. बंद करायची त्यांची हिंमत नव्हती.

तट्टाची गाडी धापा टाकत येऊन पोचली तोवर बिडलकूम यांनी गाडीभोवती एक फेरी मारली होती.

“चढली,” ते म्हणाले. “घेतो मी. एकच गोष्ट. ती टिकटिक तेवढी काढून टाका. गिऱ्हाइकाला आवडणार नाही.”

हेप्झीनं डोळे मिटून घेतले, कारण नवऱ्याचे कान लाल व्हायला लागलेले तिला दिसले होते. सगळं मिळालं होतं. फक्त ‘बरं’ म्हणायचं होतं.

“मिस्टर बिडलकूम,” ट्रिकेट म्हणाले, “तुमचं घड्याळ काढा.”

“का?”

“काढा तर खरं.”

बिडलकूम यांनी काढलं. जुनं, जाड, कव्हेंट्रीत बनलेलं घड्याळ होतं.

“कानाला लावा. काय ऐकू येतंय?”

“टिकटिक.”

“काढून टाकू?”

बिडलकूम यांनी ट्रिकेट यांच्याकडे बघितलं. मग ऑब्रीकडे, जो अजून हातातलं साडेआठ वाजलेलं घड्याळ हलवत उभा होता. त्यांनी आपलं घड्याळ पुसलं आणि खिशात परत ठेवलं.

“सोमवारी कारखान्यात या,” ते म्हणाले.

“सोमवारी नाही जमणार,” ट्रिकेट म्हणाले. “सोमवारी आमच्या गल्लीत चादरी वाळत असतात. मंगळवारी येतो.”

परतीच्या वाटेवर हेप्झी मोटारीत मागं बसली. निघण्याआधी तिनं तो ॲप्रन नीट चौकोनी घडी घालून भावाच्या मांडीवर ठेवला. धुतला मात्र नाही.